पट चार, हजर एक

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेला फळा बघून मला हसू आलं होतं. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण हातातला खडू काही सुटला नव्हता. सकाळी अंघोळ झाली की त्या फळ्यावर वार लिहीत, तारीख लिहीत आणि त्याखाली पट मांडत, अगदी वर्गात मांडावा तसा. पट म्हणजे घरात एकूण माणसं किती, आणि हजर म्हणजे या घडीला घरात किती. आम्ही नवरा-बायको कामाला बाहेर पडलो की त्या ओल्या बोटाने हजरचा आकडा पुसायच्या आणि नवा लिहायच्या. माझी मुलगी झाली त्या दिवशी दवाखान्यातून घरी फोन गेला, तर त्यांनी आधी पटावर तीनाचे चार केले आणि मग पेढे आणायला निघाल्या, असं शेजारच्या काकू अजून सांगतात.

आमचं घर अमरावतीला, माझी नोकरी अकोल्याला. बियाणांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उगवण तपासते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर शंभर दाणे ठेवायचे, ठरलेल्या उबेत ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी गुंडाळी उघडून मोजायचं, की नीट कोंब किती, बिघडलेले किती, मेलेले किती. काम साधं दिसतं. पण माझ्या एका चुकीच्या आकड्यावर बियाण्याचा अख्खा साठा बाजारात जातो, म्हणून मोजताना डोकं दुसरीकडे असून चालत नाही. माझं डोकं मात्र कायम दुसरीकडे असायचं, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर.

सकाळी स्कूटीने बडनेरा, तिथून गाडी, संध्याकाळी तोच प्रवास उलटा. आमच्या डब्यात अशा सात-आठ जणी होत्या. कोणी शाळेत, कोणी कचेरीत, कोणी दवाखान्यात. मूर्तिजापूर आलं की सगळ्यांचे फोन एकदम कानाला लागत, कारण साधारण तेव्हाच आमची पोरं घरी जागी होत. दूध घेतलं का, शी झाली का, औषध दिलं का, असा एकच गलका व्हायचा. समोरच्या बाकावरचे पुरुष तोवर पेपर वाचत असत. त्यांनाही पोरं होती, पण त्यांना मूर्तिजापूर म्हणजे फक्त एक स्टेशन होतं.

लोक कौतुकाने विचारायचे, कसं जमवता हो हे सगळं? मी म्हणायचे, सवय झाली. खोटं होतं ते. जमवत होत्या सासूबाई. माझा नवरा चांदूर बाजारकडे नोकरीला, सकाळी आठला मोटारसायकल काढायचा तो संध्याकाळी सातला परतायचा. आमची मुलगी नऊ महिन्यांची झाल्यापासून दिवसभर आजीकडे. तारेवरची कसरत म्हणतात ना, त्यात कसरत करणाऱ्यालाच टाळ्या मिळतात, तार कोणी धरून ठेवली आहे ते कोणी बघत नाही. मीही बघत नव्हते.

मुलगी अडीच वर्षांची झाली त्या वर्षी चौदा एप्रिलच्या सकाळी मी चहाला उठले. आमच्या कॉलनीत आदल्या दिवसापासूनच निळे झेंडे लागले होते, चौकात मांडव घातला होता, सासूबाई पांढरी साडी नेसून तयार होत्या. खीर शिजत होती. आणि फळ्यावर तारीख होती तेरा.

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी लक्ष दिलं नसतं. पण ज्या बाईने आयुष्यभर दर वर्षी या दिवसाची वाट पाहिली, ती हा दिवस चुकेल? नवरा दाढी करत होता, पाच मिनिटांत तो फळ्यासमोरून जाणार होता आणि आईची थट्टा करणार होता. मला ते नको होतं. मी हाताने तेरा पुसले आणि चौदा लिहिले. खरंच सांगते, त्या वेळी मी फक्त त्यांची लाज राखायला ते केलं.

चार दिवसांनी वार चुकला. मग दोन दिवस सगळं बरोबर. मग महिना चुकला. मी रोज सकाळी चहा टाकायच्या आधी फळा बघू लागले आणि चुकलेलं असेल तर दुरुस्त करून निघू लागले. त्यांच्यासारखं अक्षर काढायला मला फार वेळ लागला नाही. प्रयोगशाळेत पहिल्या मोजणीला छान दिसलेला कोंब पुढच्या मोजणीला बिघडलेला निघतो, आणि एकदा बिघडलेला कोंब पुन्हा सुधारत नाही, हे मी नव्या मुलींना शिकवते. घरी मला काय दिसत होतं ते मला कळत नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही.

मग सांगितलं का नाही कोणाला? त्याचं कारण सरळ होतं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्या खुर्चीवर आजवर बाई बसली नव्हती आणि दहा वर्षं कागदाच्या गुंडाळ्या उलगडल्यावर ती खुर्ची मला हवी होती. नुसती हवी नव्हती, मला तिची हाव होती. एप्रिल ते जून आमचा हंगाम, पेरणीच्या आधी नमुन्यांचा ढीग पडतो. त्यात जी रजा मागेल तिचं नाव मागे पडेल, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो वाईट बोलला नसता. तो फक्त म्हणाला असता, "काही दिवस सोडून दे, मग पाहू." ते 'मग पाहू' कधी येत नाही. माझ्या दोन बहिणी त्याच 'मग पाहू'ची वाट बघत बसल्या आहेत.

म्हणून मी माझ्यापुरते बंदोबस्त केले. गॅसचा वास येतो असं सांगून निघताना सिलिंडर बंद करू लागले. दोघींचं जेवण सकाळीच डब्यात भरून ठेवू लागले. गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. आमच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचं टाकं आहे, त्याचं झाकण मुलीला उचलणार नाही हे मी तिलाच उचलायला लावून पाहिलं, तरी त्यावर घरातला दगडी पाटा नेऊन ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "पाटा काहून नेला व बाहीर?" मी म्हटलं, मांजर पाण्यात पडेल. गाडीत बसले की मूर्तिजापूरला त्यांचा आवाज ऐकेपर्यंत माझं लक्ष घरातच असायचं, आणि फोन ठेवला की पुन्हा तिथेच जायचं. पाटा सरकवता येतो. सासूबाई स्वतःच तो सरकवतील आणि विसरतील. दार उघडं राहील. उन्हात रस्त्यावर कोणी नसेल. मी एकेक गोष्ट मनात घडवून बघायचे आणि मग मोजायला बसायचे.

मे महिन्यातली ती दुपार. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको, बाहेर चिटपाखरू नव्हतं. मोजणीच्या खोलीत फोन आणायचा नाही असा नियम होता, पण मी तो एप्रनच्या खिशात ठेवत असे. फोन थरथरला. सासूबाई.

"पोट्टी तुयासंग हाय का व?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "काय म्हणता आई?"

"तू घेऊन गेली का तिले अकोल्याले? इथी दिसत नाई."

आणि फोन कटला. मी परत लावला, लागला नाही. पुन्हा लावला. नुसती रिंग वाजत राहिली. माझ्या समोर सोयाबीनची उलगडलेली गुंडाळी होती, हातात चिमटा होता आणि कानात टाक्यातल्या पाण्याचा आवाज, जो तिथे नव्हताच.

शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याकडे होता. त्या भिंतीपलीकडे राहतात, अर्ध्या मिनिटात आमच्या अंगणात पोचल्या असत्या. मी त्यांचं नाव काढलं आणि अंगठा तसाच ठेवला. काकूंना सांगितलं की गल्लीला कळेल, संध्याकाळी नवऱ्याला कळेल, उद्यापासून माझी गाडी बंद. एवढा सगळा हिशेब माझ्या डोक्यात त्या वेळी झाला. भिंतीवरच्या घड्याळात मी चार मिनिटं पाहिली. चार मिनिटं मी सासूबाईंचाच नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिले आणि काकूंना फोन केला नाही.

मग त्यांनी उचलला. "काय व, सारखी फोन काहून करून राहिली? झोपली हाय ते कूलरपाशी."

"आई, तुमीच तर आता..."

"गंमत केली व तुयी."

सासूबाईंनी उभ्या जन्मात कधी कोणाची गंमत केली नव्हती. मी फोन खिशात ठेवला. मोजणी कुठवर आली होती ते विसरले होते, म्हणून ती गुंडाळी मी बाजूच्या मुलीला मोजायला दिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

संध्याकाळी घरी पोचले. मुलगी दारात धावत आली, तिला उचललं, तिच्या केसांना घामाचा वास होता, मी तो कितीतरी वेळ घेत राहिले. मग पाणी प्यायला आत गेले. फळ्यावर लिहिलं होतं: पट चार, हजर एक. दिवसभर त्या दोघी घरात होत्या आणि सासूबाईंनी फक्त स्वतःला मोजलं होतं.

मी एकाचे दोन केले. नंतर मी आणि मुलीचे बाबा धरून चार केले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. हे वाचून कोणाला माझा राग आला तर त्याला मी काही म्हणणार नाही, मलाही येतो.

त्यानंतरचा महिना कसा गेला ते मला सलग आठवत नाही. रोज जाताना देवाधर्माचं काही न मानणारी मी गाडीत डोळे मिटून बसायचे. एक मात्र विचित्र होतं. त्या महिन्यात घरी काहीच बिघडलं नाही. मूर्तिजापूरच्या फोनला सासूबाई नीट उत्तर देत. मुलीला साधं खरचटलंही नाही. तारखा चुकतच होत्या, पण मी स्वतःला समजावू लागले की तारखेचं काय एवढं, मलाही पुष्कळदा आठवत नाही. माणसाला जे हवं ते पटवून घ्यायला फार वेळ लागत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून प्रमुख मी. बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, आज लवकर जा, घरी सांगा. मी दुपारची गाडी पकडली, उतरल्यावर पेढे घेतले. त्या दिवशी बडनेऱ्याहून घरी येताना पहिल्यांदा मी मनात काही घडवून पाहिलं नाही.

घरी पोचले तेव्हा तीन वाजले होते. पुढचं दार आतून बंद होतं. वाजवलं असतं तर मुलगी उठली असती, म्हणून मी मागच्या अंगणातून गेले आणि खिडकीतून आत पाहिलं.

सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या, पाठ पलंगाला टेकलेली. समोर मुलगी वाट्या-चमच्यांशी खेळत होती. तिच्या कमरेला जुन्या सुती साडीची पट्टी बांधली होती. लांब पट्टी, चार-पाच हाताची. तिचं दुसरं टोक सासूबाईंच्या मनगटाला बांधलेलं होतं.

मागचं दार ढकलून मी आत शिरले ते ओरडतच. "हे काय केलं तुमी? जनावर हाय का ते? बांधून ठेवलं लेकराले!"

"वरडू नको. दचकीन ते."

"सोडा आधी!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट मास्तरीण वर्गाकडे बघते तसं बघत होत्या.

"जनावराले खुट्याले बांधतेत," त्या म्हणाल्या. "मी तिले माह्या हाताले बांधलं. मी इसरतो व. बसल्या बसल्या इसरतो, का घरात लेकरू हाय. पन ते हालली का हात वढल्या जाते. मंग ध्यानात येते."

मुलगी तेवढ्यात माझ्याकडे यायला निघाली, पट्टी ताणली गेली आणि खरंच त्यांचा हात पुढे ओढला गेला. मनगटावर पट्टीच्या जागी लाल वळ होता. एका दिवसाचा नव्हता तो.

"कवापासून?"

"फोन केला होता नं तुले, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तू यायच्या आंधी सोडून टाकतो."

मी खाली बसले. "मले सांगतलं काहून नाई आई?"

"तू सांगतलं का मले? रोज सकायी तारीक पुसतं, सुदरवतं अन् पळतं. तीस वर्षं पोट्ट्यायच्या वह्या तपासल्या मी. दुसऱ्याचं अक्षर वळखत नसन का?" मग म्हणाल्या, "सांगतलं असतं त तुयी नोकरी गेली असती. तू बोलली नाई, मंग मी बी नाई बोलली. पन दुपारी लय भेव वाटते मले. तू गेली का मी घड्याळीकडे पायत बसतो, का तू कवा येतं अन् माह्या हातून लेकरू घेतं."

माझी भीती किती मोठी, किती एकटीची, असं मी महिनाभर समजत होते. गाडीत माझ्या आजूबाजूला माणसं तरी होती. या बाईने ती भीती रोज नऊ-दहा तास बंद घरात, हाताला बांधून काढली होती, आणि मी बढतीचे पेढे घेऊन तिच्यासमोर बसले होते. मनगटावरची गाठ सोडायला गेले तर ती मला सुटेना. त्यांनीच दुसऱ्या हाताने आणि दातांनी एका झटक्यात सोडली. सरावाचं काम होतं.

संध्याकाळी नवरा आला. हातपाय धुऊन होण्याआधीच मी त्याला सगळं सांगितलं. चौदा एप्रिल, टाक्यावरचा पाटा, हजर एक, साडीची पट्टी. तो पायरीवर बसला. मग त्याने विचारलं, "आणि तू जात राहिलीस?" मी हो म्हटलं. त्या चार मिनिटांबद्दल मात्र मी त्यालाही सांगितलं नाही. ती आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मी घाबरले होते तसं 'सोडून दे' तो म्हणाला नाही. म्हणजे म्हणणार होता, तोंड उघडलं होतं. पण आतून सासूबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तिले काई म्हनू नको. म्हनाचं त मले म्हन." त्यानंतर डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. मुलीला पाळणाघरात घातलं. तिथे ती पहिला आठवडाभर रडली आणि मी गाडीत रडले. नवऱ्याने बदलीचा अर्ज केला, वर्षाने तो अमरावतीत आला. मी ती खुर्ची घेतली. घ्यायला नको होती असं मला अजूनही वाटत नाही, आणि याचीही मला भीती वाटते.

आता मुलगी पहिलीत आहे. सासूबाईंसाठी दिवसभर एक बाई येते. त्या सकाळी ऊन अंगावर घेत व्हरांड्यातल्या खुर्चीत बसतात. मुलाला ओळखतात, पण कधी कधी त्याला वडिलांच्या नावाने हाक मारतात. नातीला शाळेतली विद्यार्थिनी समजतात आणि पाढे म्हणायला लावतात. माझी मात्र त्यांना रोज नव्याने ओळख करून द्यावी लागते. काही दिवस ती टिकते, काही दिवस टिकत नाही.

गेल्या आठवड्यात मी पर्स घेऊन निघाले तर त्यांनी हात करून थांबवलं.

"कुठी निघाल्या बाई तुमी?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं.

"अकोल्याले," मी म्हटलं.

"नोकरी करता व्हय?"

"हो."

"लेकरं?"

"एक मुलगी आहे."

त्या एकदम पुढे झुकल्या. डोळ्यांत जुनीच काळजी होती, नाव-गाव सगळं गेलं तरी ती तेवढी राहिली आहे. "मंग दिवसभर तिच्यापाशी कोन ऱ्हायते?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाई असतात घरी."

"भरोशाची हाय का?" त्यांनी आवाज खाली आणला. "पाहून घेजा हं. म्हाताऱ्यायचं काई खरं नसते."

मी त्यांच्या पायांशी खाली बसले. गाडीला उशीर होत होता. "लय भरोशाची हाय," मी म्हटलं.

त्यांनी माझा चेहरा नीट निरखला, मी खरं बोलते आहे की नाही ते पाहिलं. मग खुर्चीला टेकून बसल्या.

"मंग जा," त्या म्हणाल्या. "भिऊ नका."